बारा मिनिटं

"सगळं लिहिलंस का रे त्यात?" आप्पांनी विचारलं. मी हो म्हणालो. खोटं बोललो.

मे महिन्यातली रात्र होती. साडेआठ वाजून गेले तरी गच्चीची फरशी तापलेलीच. संध्याकाळी चार बादल्या पाणी मारलं होतं, ते केव्हाच वाफ होऊन गेलं होतं. लॅपटॉप मांडीवर घेतला की चटका बसतो म्हणून आईनं एक जुनी चादर चौपदरी घडी करून दिली होती, मोरांची, कडेचा तांबडा रंग उडालेली. स्क्रीनवर मेक्सिकोतल्या ग्वाडलाहाराचा एक सत्तावीस वर्षांचा मुलगा. त्याच्याकडे सकाळचे नऊ. मागच्या खिडकीतून आलेलं कोवळं ऊन त्याच्या एका कानावर पडलं होतं आणि तो कान लालसर, अर्धपारदर्शक दिसत होता. मी त्याला माझं काम शिकवत होतो. जुलैपासून ते त्याचं. आमच्याकडे याला केटी म्हणतात, नॉलेज ट्रान्सफर. आप्पांना इंग्रजी येत नाही, पण माणूस शिकवत असला की आवाज कसा होतो ते त्यांना कळतं. कॉल संपल्यावर खाटेवरूनच त्यांनी विचारलं, "कुणाला शिकवायलास?" मेक्सिकोतल्या पोराला, म्हटलं. "तुझंच काम?" माझंच. ते उठून बसले, पाणी प्यायले, परत आडवे झाले. मला वाटलं विषय संपला. मग अंधारातून तो प्रश्न आला.

तसं पाहिलं तर अठ्ठेचाळीस पानं लिहिली होती. कुठली चूक आली तर कुणाला उठवायचं, कुठल्या माणसाला फोन केलेला आवडत नाही, कुठला रिपोर्ट कुणीच वाचत नाही पण पाठवला नाही तर बोंब होते, सगळं. एक ओळ मात्र घातली नव्हती. महिनाअखेरीला बँकेकडून विम्याच्या हप्त्यांची फाइल येते. ती आली की स्क्रीनवर हिरवा ठिपका दिसतो. हा ठिपका खोटारडा आहे. फाइलचं शेपूट अजून वाटेतच असतं. ठिपका दिसल्यावर बारा मिनिटं थांबायचं आणि मगच पुढची बॅच चालवायची. न थांबता चालवली तर अर्धीच फाइल गिळली जाते, मग ती पुन्हा चालवावी लागते, आणि कुठल्या तरी हजारो लोकांच्या खात्यातून हप्ता दोनदा कापला जातो. दुरुस्ती अवघड नाही. तिचं टिकट, म्हणजे दुरुस्तीच्या मागणीची नोंद, २०१३ साली मीच टाकलं होतं. 'प्राधान्य : कमी' असा शिक्का कपाळावर घेऊन ते आजही रांगेत उभं आहे.

ही युक्ती माझी नाही. मला ती एका बाईनं दिली होती.

२०११ ची गोष्ट. मी हिंजवडीत नवा, आणि आमच्या कंपनीला अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचं काम मिळालेलं. ते काम तिथं शार्लटमध्ये सतरा माणसं करत होती, त्यातली ती एक. तिचं नाव लिहीत नाही, विचारलेलं नाही तिला. पन्नाशीची असावी. बोलणं संथ, शब्द ओढून ओढून, सुरुवातीला मला निम्मं कळायचं नाही. तीन महिने रोज संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे तिच्या सकाळी नऊला, ती मला शिकवायची. शिकवणं पुरं केलं तरच तिला निरोपाचे पैसे मिळणार होते. हे तिनं दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं, तक्रारीच्या सुरात नव्हे, पावसाचा अंदाज सांगावा तसं. आमच्या टीममध्ये तेव्हा यावरून विनोद चालायचे. ते विनोद मी इथं सांगणार नाही, पण मी हसायचो. त्याच वर्षी माझा पगार वाढला, सोलापूरच्या घराचे पत्रे काढून स्लॅब टाकला, ही गच्ची त्या स्लॅबची. मला आनंद झाला होता. तो आनंद खोटा होता असं आज म्हणायला गेलो तर तेही खोटंच होईल.

शिकवायची मात्र अशी की काय सांगू. आमच्याकडच्या सरांनी कधी शिकवलं नाही तसं. मी एखादी गोष्ट समजल्यासारखं 'यस, यस' करायचो, तर ती थांबायची आणि म्हणायची, आता तू मला सांग. मग माझी फजिती. शेवटच्या आठवड्यात चेकलिस्टमधला शेवटचा प्रश्न मी वाचून दाखवला : 'कागदावर न आलेलं काही सांगायचं राहिलं आहे का?' सगळे या प्रश्नाला 'नाही' म्हणतात. ती हसली आणि तिनं हिरव्या ठिपक्याची गोष्ट सांगितली. आधी एका रात्री ती स्वतः या ठिपक्याला फसली होती आणि पुढचे दोन आठवडे लोकांच्या शिव्या खात होती. "ठिपका दिसला की उठायचं, कॉफी करायची. माझी कॉफी बारा मिनिटांत होते," ती म्हणाली. तिच्या सांगण्यात बारा हा आकडा कॉफीवरून आला होता. चौदा वर्षं मी तो वेदवाक्यासारखा पाळला, चहावर.

त्या तीन महिन्यांत एकदाच आम्ही कामाबाहेरचं बोललो. तिनं विचारलं, पुणं तुझं गाव का? मी म्हटलं नाही, सोलापूर. तिथं काय असतं? आता सोलापुरात काय असतं हे परक्या माणसाला इंग्रजीत सांगायचं म्हणजे पंचाईत. शेंगाची चटणी सांगू, गड्ड्याची जत्रा सांगू? मी म्हटलं, चादरी. आणि टॉवेल. आमच्याकडचे टॉवेल तुमच्याकडेसुद्धा येतात, हे मी जरा छाती फुगवूनच म्हटलं.

हेडफोनमध्ये तिच्या कुत्र्याची नखं फरशीवर वाजत होती. बाकी काही नाही.

मग ती म्हणाली, "माझी आई टॉवेलच्या कडा शिवायची. कॅनापोलिसमध्ये." आणि पुढच्या स्क्रीनकडे वळली.

कॅनापोलिस मी त्या रात्री शोधलं. शार्लटपासून चाळीसेक किलोमीटर. कॅनन नावाच्या मालकानं १९०६ च्या सुमारास वसवलेलं गिरणीगाव. घरं गिरणीची, रस्ते गिरणीचे, दुकानांच्या इमारती गिरणीच्या. गावाला स्वतःची नगरपालिका मिळायला १९८४ उजाडावं लागलं. त्या नावाचा ग्रीक अर्थ 'मागांचं शहर' असा होतो, असंही काही लोक सांगतात. जगातले सगळ्यांत जास्त टॉवेल विणणारी गिरणी म्हणून एकेकाळी तिचा डंका होता. नंतर मालक बदलत गेले, पाटी पिलोटेक्स अशी झाली, आणि ३० जुलै २००३ ला ती बंद पडली. एका दिवसात साडेसहा हजारांच्या आसपास माणसं घरी बसली, त्यातली साडेचार हजारांवर एकट्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातली. पुष्कळांचं शाळाशिक्षण पुरं झालेलं नव्हतं, कारण गिरणीत जायला शाळा लागत नव्हती. पन्नाशीतली माणसं दप्तर घेऊन कॉलेजात बसली. तिची आई त्यांत होती का, हे विचारायचं राहिलं. पुढं ती गिरणी पाडून तिथं संशोधन संस्थांच्या इमारती उभ्या राहिल्या. चिमण्या सुरुंगानं उडवल्याची चित्रफीत मी पाहिली आहे. २०२३ च्या जूनमध्ये विमानतळापायी आमच्या साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हा मला ती चित्रफीत आठवली होती. चिमण्या सगळीकडे सारख्याच पडतात, आधी कंबरेत वाकतात.

त्यांचं काम नेलं त्या टॉवेलांत सोलापूरचे किती? फार नसतील. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांना माल पुरवणाऱ्या कंपन्या वेगळ्या, गुजरातेतल्या, पाकिस्तानातल्या, चीनमधल्या. आमचे माग लहान, कारखानदार घरच्या ओट्यावर बसून हिशेब करणारे. पण 'आमचे टॉवेल तुमच्याकडे येतात' हे मी बोलून गेलो होतो. बोललेलं परत घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी सॉरी म्हणावं असं वाटलं, पण कशाबद्दल म्हणायचं तेच जुळेना. तिच्या आईचं गेलं त्याबद्दल, की समोर बसून तिचं चाललं आहे त्याबद्दल? एकाच घरच्या दोन पिढ्यांचं काम माझ्या देशाकडे आलं, त्यातलं दुसरं तर थेट माझ्या टेबलावर. आणि तरीही माझ्या डोक्यात त्या वेळी स्लॅबच्या सळयांचा भाव होता.

आमच्या गावानं हे सगळं आधीच पाहिलं आहे, म्हणून आम्हाला त्यात नवल वाटत नाही. जुनी गिरणी १८७७ ची. १९४९ साली मालकांनी ती बंद केली तेव्हा सरकारला १९५० च्या जानेवारीत वटहुकूम काढून ताब्यात घ्यावी लागली. एक भागधारक त्याविरुद्ध थेट सुप्रीम कोर्टात गेला, आणि डिसेंबरात निकाल लागला. घटना लागू होऊन वर्ष झालं नव्हतं. वकिलीच्या पोरांना तो खटला आजही शिकवतात. गिरणीतल्या माणसांची नावं त्यात नाहीत. आप्पांची गिरणी दुसरी. ती नव्वदच्या दशकात बंद पडली, म्हणजे आधी एक पाळी, मग बदलीवाले, मग वीज. भोंगा मात्र पुढं बरेच दिवस आमच्या घरात वाजत होता. आप्पा त्याच वेळी उठायचे, डबा नसायचा, दाराशी उभे राहायचे. आणि आउटसोर्सिंग हा शब्द यायच्या कितीतरी आधी ती गोष्ट आमच्या गल्लीत सुपात येऊन बसली होती. शेजारची अक्का पानं भिजवायची, फर्म्यावर कापायची, हजार विड्या वळायची. पान कमी पडलं तर तिच्या पदरचं, छाट निघाली तर तिच्या पगारातून. कारखाना नाही, पाळी नाही, घर तिचं, दिवा तिचा. मालकाला त्यात परदेशात जावं लागलं नाही.

२००५ च्या एक जानेवारीला कापडावरचा जागतिक कोटा, म्हणजे श्रीमंत देशांत किती कापड जाऊ द्यायचं याची मर्यादा, उठला तेव्हा अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत पेढे वाटले गेले होते, एक पेढा आमच्याकडे आला होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतातल्या मालावर पन्नास टक्के शुल्क लावलं, तेव्हा त्याच रस्त्यावरच्या एका कारखान्यात गुंडाळून तयार असलेले टॉवेल मी पाहिले, प्लॅस्टिकमध्ये, वर इंग्रजी लेबल. आमच्या ओळखीचे कारखानदार त्यातला एक काढून मला म्हणाले, घे, तोंड पूस. ते चेष्टा करत होते का, कळलं नाही. टॉवेल चांगला होता, मऊ, फासे दाट. तो अजून आमच्या मोरीत आहे.

तर आप्पांचा प्रश्न. मी हो म्हणालो त्याला दहा दिवस झाले. रोज लॅपटॉप उघडायचो, महिनाअखेरीचं पान काढायचो, कर्सर तिथं लुकलुकत राहायचा आणि मी पान बंद करायचो. त्या पोरावर राग? अजिबात नाही. तो चांगला आहे, नम्र आहे, सोलापूरचं तापमान चव्वेचाळीस ऐकून त्यानं डोक्याला हात लावला. मला काय हवं होतं ते लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. मला हवं होतं की जुलैच्या शेवटी एका रात्री सगळं दोनदा कापलं जावं, फोन खणखणावेत, आणि तिकडं कुणीतरी म्हणावं, तो भारतातला माणूस होता तेव्हा असं कधी झालं नव्हतं. एवढंच. एक वाक्य. चौदा वर्षांचं एक वाक्य. एचआरच्या बाईंनी तर माझ्याकडून राजीनामाच लिहून घेतला आहे, 'वैयक्तिक कारणास्तव'. काढून टाकलं असं कुठंही नोंदलेलं नाही. आप्पांनी त्यावर एकच विचारलं होतं, वर्षाला पंधरा दिवसांनी हिशेब धरलाय का ते बघ. त्यांना तो हिशेब तोंडपाठ आहे. त्यांच्या ग्रॅच्युइटीला किती वर्षं लागली ते आमच्या घरात कुणी काढत नाही.

परवा रात्री वीज गेली. शेजारच्या शेडमधले माग एकदम थांबले आणि गल्ली अशी गप्प झाली की कानात शिट्टी वाजावी. आप्पांना शांततेत झोप येत नाही. ते बोलायला लागले, मला विचारल्याशिवाय. गिरणी सुटल्यावर ते दत्तनगरात एका कारखानदाराकडे होते, चार मागांवर. गिरणीत मागाला साचा म्हणतात, आप्पा अजूनही साचाच म्हणतात. वादी म्हणजे धोटा फेकणारी चामडी पट्टी, आणि धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा तुकडा. "त्यातल्या तिसऱ्या साच्याची वादी ढिली व्हायची. दर पाळीला. बघून कळायचं न्हाई, हात लावला की कळायचं. मी आधी ती आवळायचो, मगच पट्टा टाकायचो." मग कारखानदारानं नात्यातला एक पोरगा आणला, कमी पैशात. आप्पांना सांगितलं, आठ दिवस त्याला शिकवा. आप्पांनी शिकवलं. तार तुटली की कशी सांधायची, उभ्या सुताचा रूळ, भीम, कसा बदलायचा, उन्हाळ्यात सूत कडक होतं तेव्हा खाली पाणी कधी मारायचं. "सगळं शिकवलं," ते म्हणाले. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता. "वादीचं न्हाई सांगितलं."

तिसऱ्या आठवड्यात धोटा उडाला. पोराच्या जबड्यावर बसला. दोन दात गेले.

मी काहीच बोललो नाही. बराच वेळ. खालच्या घरात कुणीतरी पुठ्ठ्यानं वारा घेत होतं, त्याचा फटफट आवाज. मग आप्पाच म्हणाले, "सांगितलं असतं तरी उडालाच असता. धोटा हाय तो, उडतोच." थोडं थांबून म्हणाले, "पोरगं आता मोठं झालंय. बाजारात दिसतं. नमस्कार करतं मला. हसतं तेव्हा दिसतंय." आणि कूस बदलली. माझ्यासाठी सांगितलं की स्वतःसाठी, देव जाणे. मला तर असंही वाटून गेलं की हे मी ऐकायलाच नको होतं. बाप जरा दूरचा असलेला बरा असतो. वीज आली तेव्हा चार वाजले होते. शेडमधला पहिला माग सुरू झाला, मग दुसरा. मी तिसऱ्याची वाट बघत पडून राहिलो.

काल महिन्याचा शेवटचा दिवस. शेवटच्या बॅचला मी नुसता बघ्या, चालवणार तो. इकडे सकाळचे साडेआठ, तिकडे त्याच्या रात्रीचे नऊ. आईनं कडक भाकरी चुरून दह्यात दिली होती, ती तशीच वाटीत. त्यानं चेकलिस्ट भरून पाठवली होती. शेवटच्या प्रश्नासमोर, 'कागदावर न आलेलं काही' समोर, त्यानं स्वतःच 'नाही' अशी खूण करून टाकली होती. त्यानं मला तो प्रश्न विचारलाच नाही. मी विचारला होता, म्हणून मला मिळालं. आता ही सबब चालेल का, असं मी थोडा वेळ स्वतःशी घोळवलं. चालली असती. लेखी पुरावा होता.

ठिपका हिरवा झाला.

लगेच त्याचा मेसेज. फाइल आली, चालवू? खाली आप्पा तंबाखू चोळत ओट्यावर बसले होते, वर बघत नव्हते. मी लिहिलं, थांब. त्यानं विचारलं, का? मी लिहिलं, कॉफी करून ये, मग सांगतो. रात्री नऊला कॉफी? त्यानं हसरा चेहरा पाठवला आणि उठून गेला. त्याच्या कॅमेऱ्यात रिकामी खुर्ची हलकीशी फिरत राहिली. मी घड्याळ लावलं. मांडीवरची घडी घामानं ओली झाली होती, ती उलटी करून घेतली.

पंधरा तारखेपर्यंत माझं लॉगिन चालू आहे. ते पान काल रात्रीही उघडलं होतं. कर्सर तिथंच आहे.